कागद हातावेगळा करण्यापूर्वी



लिहावे कसे, याविषयी शाळेत पुष्कळ सांगतात. लिहून झाल्यावर काय करावे, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. निबंधाच्या तासाची घंटा होते, वह्या गोळा होतात आणि लिहिण्याचे काम संपले असे आपण धरून चालतो. मोठेपणीही तीच सवय राहते. अर्ज लिहिला, खाली सही ठोकली, चार घड्या घातल्या, की गडी निघाला तालुक्याला! पण कागदाचे निम्मे काम तेव्हा कुठे सुरू व्हायचे असते. त्या उरलेल्या निम्म्या कामाविषयी आज थोडे बोलावे असे योजले आहे.

तुम्ही म्हणाल, हे लेखक-कवींनी बघावे. आम्हां शेतकऱ्यांना त्याचे काय? तर असे पाहा. गावात कागद लिहिला गेला नाही, असा आठवडा आता जात नाही. ग्रामसभेचे इतिवृत्त, सोसायटीचा ठराव, बचत गटाची वही, विहिरीच्या अनुदानाचा अर्ज, पीकविम्याची तक्रार, शाळेचा अहवाल. झालेच तर खिशातल्या फोनवरून एका क्षणात गावभर जाणारी सूचना. कादंबरीत एखादे वाक्य ढिले राहिले तर वाचक फार तर जांभई देईल. अर्जातला गट नंबर चुकला तर मात्र मुलाबाळांना कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. म्हणून मी तर म्हणेन, लेखकापेक्षा हा विषय तुमचा अधिक आहे.

मुळात आपली चूक आपल्याला का दिसत नाही? कारण आपण कागदावरचे वाचतच नाही, मनातले वाचतो. काय लिहायचे होते ते मनाला आधीच पाठ असते. डोळा नुसता ओळीवरून घसरत जातो आणि गाळलेला शब्दही मन आपल्या पदरचा घालून घेते. रोजच्या वाटेने माणूस आपल्याच नादात चालतो. कालच्या पावसाने वाटेत नवा दगड आला असला तर ठेच लागेपर्यंत त्याला पत्ता नसतो. तसेच हे. वाचणाऱ्या साहेबाला मात्र तुमच्या मनातले काही ठाऊक नसते. त्याच्यापुढे असतो नुसता कागद. तेव्हा कागद तपासायचा म्हणजे थोडा वेळ आपण आपले नसायचे, त्या साहेबाच्या खुर्चीत जाऊन बसायचे.

हे बोलायला सोपे आहे. एक उदाहरणच घेऊ. समजा, एका वस्तीवरच्या लोकांनी पंचायत समितीला असा अर्ज लिहिला आहे: ‘वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करण्यात येतो की, आमच्या वस्तीवरील मुले शाळेत जाताना पावसाळ्यात ओढ्याला पाणी आल्यामुळे फार हाल होतात व मागेही अर्ज केलेला असून त्याची दखल घेतली गेली नाही तरी यावर योग्य ती कार्यवाही व्हावी.’

असे अर्ज तुम्ही पाहिले असतील. कदाचित लिहिलेही असतील. वरवर पाहता त्यात गैर काही नाही. भाषा कशी अगदी कचेरीतली! पण आता साहेबाच्या खुर्चीत बसा. ओढा कोणता? वस्ती कोणत्या गावची? मुले किती? हाल म्हणजे नेमके काय? मागे अर्ज केला तो कधी, आणि कोणाकडे? आणि सर्वांत मोठा प्रश्न, तुम्हांला हवे आहे काय? ‘योग्य ती कार्यवाही’ म्हणजे साहेबाने स्वतःच ठरवायचे. त्याला योग्य वाटेल की अर्ज दप्तरी दाखल करावा. तो करील, आणि तुमच्या शब्दाप्रमाणे कार्यवाही झालीही!

व्याकरणाची गंमत तर वेगळीच. वाक्य सुरू झाले ‘मुले’ या शब्दाने आणि संपले ‘हाल होतात’ने. ‘मुलांचे हाल होतात’ असे हवे होते. पण वाक्य इतके लांबले की सुरुवातीला काय म्हटले होते याचा लिहिणाऱ्यालाच विसर पडला. लांब वाक्यात असे नेहमी होते.

आता तोच अर्ज दुसऱ्यांदा लिहू. ‘आमच्या वस्तीवरील १४ मुले रोज ओढा ओलांडून गावातील प्राथमिक शाळेत जातात. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की त्यांची शाळा बुडते. गेल्या वर्षी जुलै आणि ऑगस्ट महिन्यांत असे ११ दिवस बुडाले. शाळेच्या हजेरीपटाची नक्कल सोबत जोडली आहे. या ओढ्यावर पायी जाण्यासाठी साकव बांधून मिळावा, अशी विनंती आहे. याच मागणीचा अर्ज आम्ही गेल्या वर्षी ५ सप्टेंबर रोजी आपल्या कार्यालयात दिला होता. त्याची पोच सोबत आहे.’ वर गावाचे, वस्तीचे आणि ओढ्याचे नाव घातले की झाले.

काय बदलले ते लक्षात घ्या. एकही ऱ्हस्व-दीर्घ आपण बदलला नाही. एक शब्द अलंकाराचा घातला नाही. जे मनात होते आणि कागदावर नव्हते, ते कागदावर आणले. हजेरीपट पाहायला शाळेत जावे लागले, जुनी पोच शोधायला ट्रंक उघडावी लागली. दुरुस्तीचे खरे काम हेच. नुसत्या पेनाने ते होत नाही, कधी कधी चपला घालून बाहेर पडावे लागते.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मजकूर पाहावा: सांगायचे ते सांगितले का, मागायचे ते मागितले का. मग वाक्ये पाहावीत. शुद्धलेखन शेवटी. पुष्कळ जण उलट करतात. पहिल्या ओळीपासून वेलांट्या सुधारत बसतात आणि मग तो परिच्छेदच नको असे ध्यानात येते. जी भिंत पाडायची आहे तिला आधी चुना कशाला द्यायचा?

आणि हे सगळे लिहिल्याबरोबर करू नका. घाई नसेल तर कागद एक रात्र कोनाड्यात पडू द्या. सकाळी तो थोडा परका झालेला असतो, आणि परक्याच्या चुका आपल्याला चटकन दिसतात! अगदीच मुदतीचा कागद असेल तर जनावरांना पाणी दाखवून या, मग वाचा. रागाच्या भरात लिहिलेल्या तक्रारीला तर रात्रीची विश्रांती द्याच द्या. सकाळी तिच्यातली निम्मी विशेषणे गळून पडतात आणि उरलेली तक्रार अधिक जड होते.

वाचायचे ते मोठ्याने. मनात वाचताना डोळा उड्या मारतो. तोंडाने वाचताना जिभेला प्रत्येक शब्दावरून जावे लागते. जिथे दम लागतो तिथे वाक्य लांबले आहे. जिथे जीभ अडखळते तिथे शब्दांची जुळणी बिघडली आहे. आम्हां आकाशवाणीवर बोलणाऱ्यांना तर याखेरीज गत्यंतरच नसते. कागदावर ऐटदार दिसणारे वाक्य बोलून पाहिले की पांगळे ठरते, आणि त्याचे दोन तुकडे करावे लागतात.

त्याहून चांगले म्हणजे दुसऱ्याला वाचायला लावावे आणि आपण ऐकावे. खिळ्यांच्या छापखान्यात हाच रिवाज होता. जुळारी शिशाचे खिळे एकेक करून जुळवी, त्याचा कच्चा छाप काढी, त्याला प्रूफ म्हणत. मग दोघे जण बसत. एक जण मूळ हस्तलिखित मोठ्याने वाची, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. दुसरा प्रुफावर डोळा ठेवून चुकीच्या जागी खूण करी. एकट्याने दोन्ही कागद पाहायचे तर मान सारखी इकडून तिकडे हलते आणि एखादी अख्खी ओळ सुटते. त्या लोकांचा आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. एक खिळा बदलताना शेजारचा हलायचा. म्हणून दुसऱ्या प्रुफात दुरुस्त केलेला शब्द तेवढा पाहून भागत नसे, ती सगळी ओळ, खालची-वरची ओळसुद्धा पुन्हा वाचावी लागे. खिळे गेले, संगणक आला, तरी हे खरेच आहे. ‘मुलगा’ खोडून ‘मुलगी’ करायचे आणि पुढचा ‘गेला’ तसाच ठेवायचा, हा प्रकार तुम्ही रोज पाहता. दुरुस्तीच्या जागीच नवी चूक जन्माला येते.

मोठ्याने वाचून तपासण्याचे मोठे उदाहरण आपल्या गावांनी पाहिलेले आहे. हाताने लिहिलेले सातबारा उतारे संगणकावर चढवले गेले तेव्हा दोहोंत जागोजाग तफावत राहिली. कुणाचे नाव बदलले, कुणाचे क्षेत्र. म्हणून २०१७ साली महाराष्ट्रात चावडी वाचन झाले. तलाठ्याने गावात उतारे वाचून दाखवायचे, खातेदारांनी ऐकायचे आणि चूक असेल तर तिथेच हरकत नोंदवायची. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. ज्याचे नाव कागदावर आहे, त्याच्याइतका दक्ष तपासनीस दुसरा कोण? दहा हजार नावे तपासणाऱ्या कारकुनाला ‘भिकाजी’ आणि ‘भिवाजी’ सारखेच. भिकाजीला मात्र ते सारखे नसतात. अर्थात त्या दिवशी जो चावडीवर गेला त्याला लाभ झाला. जो गेला नाही त्याची चूक त्याच्या उताऱ्यात शिल्लक राहण्याचा संभव तेवढाच राहिला.

लिहिणारा चुकतो हे कायद्यानेही गृहीत धरले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिचे कलम १५५ लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठीच आहे. पण तो रस्ता म्हणजे अर्ज, पुरावे आणि हेलपाटे. लिहिताना दोन मिनिटांत जे झाले असते त्याला नंतर महिने लागतात.

आता आकडे आणि नावे. यांच्यासाठी एक वेगळे वाचन ठेवा. त्या वेळी दुसरे काही पाहू नका. आणि आठवणीवरून तपासू नका, मूळ कागद शेजारी ठेवा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. शंभर आर म्हणजे एक हेक्टर, आणि चाळीस आर म्हणजे जवळजवळ एक एकर. ०.४० हेक्टर लिहायचे ते हाताच्या चुकीने ४.० झाले, तर एक एकराचे जवळपास दहा एकर होतात! टिंब एवढेसे, पण त्याने केवढी जमीन सरकवली पाहा. म्हणूनच रक्कम अंकी आणि अक्षरी, दोन्ही लिहिण्याची रीत पडली. हुंड्या आणि धनादेशांविषयीचा जो १८८१ चा कायदा आहे, त्यात अंकी व अक्षरी रकमेत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरावी असे सांगितले आहे. आकडा एका फटकाऱ्याने बदलतो, शब्द तसा बदलत नाही. तेव्हा ‘अक्षरी’ची जागा रिकामी सोडू नका.

शिक्षक मित्रहो, येथे तुमच्याकडे वळावेसे वाटते. शाळेचे जनरल रजिस्टर हा गावातला फार मोठा दस्तऐवज आहे. पहिलीत येणाऱ्या पोराचे नाव, बापाचे नाव, आडनाव, जात आणि जन्मतारीख तुम्ही त्यात लिहिता. त्यावरून शाळा सोडल्याचा दाखला, दाखल्यावरून पुढची प्रमाणपत्रे, आणि त्यांवरून नोकरी. तीस वर्षांनी तो माणूस पेन्शनीचा हिशेब करील तेव्हाही तुमचीच ओळ पाहिली जाईल. शाळा सोडल्यानंतर तिच्यात फरक करून घेणे किती अवघड असते हे तुम्ही जाणताच. जून महिन्यात दारात गर्दी असते, हे खरे. तरीसुद्धा नोंद केल्यावर ती आईबापांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि जन्माच्या दाखल्याशी ताडून पाहा. आई सही करणारी असो की अंगठा उठवणारी. पोराचे नाव कानावर पडले की बरोबर-चूक तिला कळते.

दुसरी गोष्ट वर्गातली. मुलाचा निबंध आपण लाल शाईने रंगवून परत देतो. मुलगा तो पाहतो, खाली गुण किती ते पाहतो आणि वही मिटतो. कष्ट केले कोणी? तुम्ही. शिकले कोण? तुम्हीच! त्यापेक्षा ज्या ओळीत चूक आहे तिच्या समासात नुसता एक ठिपका द्या. चूक कोणती ते त्याला शोधू द्या. दोन चुका असतील तर दोन ठिपके. पहिल्या आठवड्यात वर्गात गोंधळ होईल, मग मुले एकमेकांच्या वह्या घेऊन ठिपक्यांची शिकार करू लागतील. आठ ओळींचाच निबंध द्या, पण तो दोनदा लिहून घ्या. पहिल्या खर्ड्याला गुण देऊच नका.

मात्र सुधारताना मुलाचे बोलणे त्याच्याच तोंडी राहू द्या. त्याने ‘आमची म्हैस रुसली’ असे लिहिले असेल तर ते खोडून ‘म्हशीने दूध देण्याचे बंद केले’ असे करण्याचे कारण नाही. पहिले वाक्य शुद्ध आहे आणि अधिक चांगले आहे. या बाबतीत आपल्याकडे मोठा आदर्श आहे. ज्ञानेश्वरी १२९० सालची. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हाताने उतरली जात होती, आणि उतरता उतरता पाठ बिघडत गेले. १५८४ साली एकनाथ महाराजांनी ते पाठ शोधून ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. नाथ स्वतः केवढे कवी! मनात आणते तर ओव्यांना ओव्या रचून घालते. पण त्यांनी चुकलेले नीट केले आणि यात कोणी पदरची ओवी मिसळू नये, असे बजावूनही ठेवले. इतिवृत्त लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात धरावे. सभेने जे ठरवले तेच ठरावात यावे. ‘सभेला असेच म्हणायचे असणार’ म्हणून चिटणीसाने एखादा शब्द घातला, की पुढे त्या एका शब्दावरून गावात दोन तट पडतात.

शुद्धलेखनाविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याची भीती फार घालून ठेवली आहे. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ साली मान्य केले. १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. अठरा नियम म्हणजे काही डोंगर नव्हे. जे अनुस्वार उच्चारात नव्हते ते त्या नियमांनी काढून टाकले. आता जे उरले ते अर्थ सांगणारे आहेत, म्हणून त्यांच्यावर बारीक नजर हवी. ‘भावाचा हिस्सा’ आणि ‘भावांचा हिस्सा’. डोक्यावर एक टिंब, पण पहिल्यात भाऊ एक, दुसऱ्यात अनेक. वाटणीच्या कागदात हे टिंब सुटले तर वकिलाला महिनाभराचे काम! संगणक किंवा फोन अशी चूक दाखवील या भरवशावर राहू नका. दोन्ही शब्द शुद्धच आहेत. तुम्हांला कोणता हवा होता ते यंत्राला काय ठाऊक? फोनला तोंडी सांगून मजकूर उतरवून घेणाऱ्यांनी तर दुप्पट सावध राहावे. तसेच ‘दिन’ आणि ‘दीन’. गावच्या फलकावर ‘स्वातंत्र्य दीन’ लिहिलेले दिसते तेव्हा हसावे की रडावे कळत नाही.

अशा बारीक चुका टिपायला एक युक्ती आहे. ओळीखाली फूटपट्टी ठेवा, म्हणजे डोळा पुढे पळत नाही. आणि कागद शेवटच्या शब्दापासून उलटा वाचत या. अर्थाचा ओघ तुटला की शब्द एकेकटा समोर येतो आणि त्याची वेलांटी-उकार उघडे पडतात. अर्थ तपासायला मात्र हे वाचन निरुपयोगी; ‘भावाचा’ आणि ‘भावांचा’ यांतले बरोबर कोणते, ते सुलट वाचल्यावरच कळते.

एवढे झाले की स्वच्छ प्रत काढा. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. अक्षर नेटके असावे, ओळींत अंतर असावे, पानाच्या कडेने जागा सोडावी, हे त्यात आले आहे. अर्जालाही ते लागू आहे. समासात जागा नसेल तर साहेबाने शेरा मारायचा कुठे? पण स्वच्छ प्रत काढली म्हणजे सुटलो असे समजू नका. उतरून घेताना एखादी ओळ गळते. दोन ओळींची सुरुवात सारख्या शब्दाने होत असली तर हमखास गळते. म्हणून स्वच्छ प्रत खर्ड्याशी ताडून पुन्हा एकदा वाचायची, शक्य तर दोघांनी. जोडलेले कागद मोजायचे, आणि ‘सोबत’ म्हणून जेवढे लिहिले आहेत तेवढे खरोखर सोबत आहेत ना ते पाहायचे. सही त्यानंतर.

कचेरीत जाताना दोन प्रती न्या. एक त्यांना द्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्क्यावर तारीख आजचीच पडली आहे ना, तेही तिथल्या तिथे उभ्या उभ्या पाहून घ्या. पुष्कळदा तारखेचे चाक कालच्या दिवसावरच असते.